बांबूची पानं

मी शिकलो तो मेश्राम गुरुजींमुळे. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात माझं नाव त्यांनीच घातलं. ऐंशीच्या दशकात मी पाटबंधारे खात्यात होतो, तेव्हा कुरखेड्याकडे एका लहान नदीवर धरण व्हायचं होतं. तिला कुठून किती पाणी मिळतं, याचा नकाशा मी उन्हाळ्यात केला आणि वरिष्ठांकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी एक म्हातारा दिसला, खालच्या टोल्यातला, म्हणजे काठावरच्या लहान वस्तीतला. नाव मी विचारलंच नाही. झुडपांत अडकलेला गेल्या पुराचा कचरा तो बोटांनी हळूहळू सोडवत होता.

“काय शोधता भाऊ?”

“नदी काय खाऊन आली, ते पाहून राह्यलो. साहेब, वरती बांबू हाये का?”

“नाही. सगळा साग.” तो डोंगर मी पायी फिरलो होतो.

त्यानं ओंजळ पुढं केली. तीत बांबूची वाळकी पानं होती.

“मंग हे कुठून आले? बांबू तं डोंगराच्या पल्याड हाये. मोठ्या पुरात तिकडचं पाणी खिंडीतून इकडं येते. तुमी मोजणी केली, तं हे कागदावर नाई घेतलं काऊन?”

माझ्या नकाशावरून बांधलेलं धरण अशा पुरात फुटलं असतं, आणि खाली त्याचाच टोला होता.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

“गुरुजी, खिंड मी पाहिली होती. कोरडी होती म्हणून सोडून दिली. उद्या नकाशा परत मागायला जातो. नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही. तुमच्या विद्यार्थ्याची चूक तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून आधी तुम्हाला लिहितो.”