सोलची गाणी, क्लेमेंटीची खोली

उजव्या हाताचा तळवा वर धरून ती समोरच्याला बोलता बोलता थांबवायची. "दादा, जरा थांबा. शहर बोलतंय." मग कानावरचा हेडफोन काढून माझ्या हातात द्यायची. मला ऐकू यायची खरखर, आणि तिच्याआड गाणारी कुणी बाई. एक शब्द कळत नसे.

सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही तिला भाड्याने दिली होती. मूळची सांगलीची, पीएचडी करून इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक संशोधन करणारी. जपान्यांचं राज्य असताना कोरियात लोक कुठली गाणी ऐकत, हा तिचा विषय. 'कोरियन गाणी' एवढंच कानावर पडलेल्या ओळखीतल्या मुली तिच्याभोवती गोळा व्हायच्या. "ताई, कॉन्सर्ट तिकीट कॅन गेट ऑर नॉट?" ती हसायची. "माझ्या गायिका नव्वद वर्षांपूर्वीच्या आहेत गं!"

मी जुरोंग आयलंडवरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पंप सांभाळणारा इंजिनिअर. एकदा मी विचारलंच, गाण्यांत कसला इतिहास शोधतेस?

"तुम्ही कंपनीच्या बसमध्ये काय ऐकता, दादा?"

"आईला आवडायची ती गाणी."

"तेच तर! खेड्यातून सोलला आलेली पोरं ती. ट्राम, दुकानांचे दिवे, रस्त्यावर वाजणारे ग्रामोफोन, वर परक्यांचं राज्य. त्यांना शहरही हवं होतं आणि घरही. दोन्ही एकदम फक्त गाण्यातच मिळायचं."

त्यानंतर बसमध्ये माझी गाणी मला जरा वेगळी ऐकू येऊ लागली.

आमच्याच मजल्यावर एक कोरियन आजी मुलाकडे राहते. एका रविवारी आमचं दार उघडं होतं आणि आमच्या भाडेकरू पोरीच्या खोलीतून गाणं कॉरिडॉरमध्ये जात होतं. आजी आमच्या जाळीच्या दाराशी थबकली. चेहरा कठोर झाला. कोरियनमध्ये काहीतरी तोडून बोलली आणि निघून गेली.

"बंद कर म्हणाल्या," पोरगी पडल्या आवाजात म्हणाली. "वहिनी, माझं काय चुकलं?"

बायकोने पोह्यांची बशी तिच्या हातात दिली. "जा. काही विचारू नकोस. नुसती बसून ये."

ती गेली. पुढच्या रविवारीही गेली. गाण्याचा विषय तिने काढला नाही. आणि एके दुपारी आजी आपणहून आली, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "ते पुन्हा लाव."

गाणं संपल्यावर आजी बोलू लागली. पोरगी आम्हाला ते मराठीत सांगत होती. आजीची आई सोलच्या एका कॅफेत काम करायची, संध्याकाळी तिथेच गायची. लग्नानंतर सासरच्यांनी गाणं बंद केलं. 'कॅफेतली बाई' ही त्या घरात शिवीच होती. आजीने स्वतःच्या मुलालासुद्धा सांगितलं होतं, तुझी आजी शिवणकाम करायची.

पोरीने रेकॉर्डर सुरू केला नाही. आजीचा हात हातात घेतला. "त्या मुली स्वतः कमवायच्या, आजी. त्या शहराला गाणं त्यांनी दिलं."

"मग माझी आई गुणगुणताना रडायची का?"

 पोरगी म्हणाली, "ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. तुम्ही सांगा."

आजी सांगत राहिली, कितीतरी रविवार. त्याआधी पोरीचं कंत्राट संपत आलं होतं, आणि असल्या विषयाला पुढे कोण विचारणार, असं म्हणत ती सांगलीला परतायच्या गोष्टी करू लागली होती. ते बोलणं थांबलं. तिने आपला शोधनिबंध नव्याने लिहायला घेतला. त्यात आजीच्या आईचं नाव घातलं, आजीला विचारून. त्याच निबंधावर तिला सोलमध्ये शिकवायची नोकरी मिळाली. चांगी विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा माझी बायको रडली आणि पोरगी मात्र विमानाचे दिवे बघत लहान मुलीसारखी हसत होती.

आता तिच्या खोलीत एक इंजिनिअर मुलगा राहतो. शांत आहे. जरा जास्तच.

मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये आजी आणि तिचा मुलगा भेटले. तो इंग्रजीत मला म्हणाला, "माहीत आहे का तुम्हाला, माझी आजी गायिका होती."

आजीला इंग्रजी फारसं येत नाही. पण तिने मान ताठ केली आणि मुलाला दुरुस्त केलं.

"कॅफे," ती ठणकावून म्हणाली. "कॅफे सिंगर."