सातवी मॅच आणि जागा न सोडण्याचा नियम

आज दुपारी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

अमेरिकेत बोस्टनजवळच्या श्रूजबरीत मी ज्या काका-काकूंकडे राहते, त्यांच्यासोबत बेसबॉल प्लेऑफची शेवटची, सातवी मॅच बघत होते. आमचं बोस्टन आणि न्यूयॉर्क, तीन-तीन बरोबरी.

काकांचा क्रिकेटपासूनचा नियम आहे: टीम पुढे असताना कोणी जागा सोडायची नाही. मागच्या मॅचला मी पाणी प्यायला उठले आणि आपण हरलो.

"आज उठलीस तर सामान घेऊन न्यूयॉर्कलाच जा," काका म्हणाले.

नऊपैकी सातव्या इनिंगला आपण एका रनने पुढे होतो. काका डावा खांदा चोळायला लागले. थंडी असून कपाळावर घाम.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"ॲसिडिटी आहे गं. बस तू."

"दोनच इनिंग राहिल्यात," काकू म्हणाल्या.

मी बसून राहिले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, कॉलेजात अंधश्रद्धेवर पथनाट्यं केलेली. पण मलाही वाटलं, उठले आणि हरलो तर?

पुढच्या इनिंगला काकांच्या हातून रिमोट पडला. त्यांना तो उचलता येईना. तेव्हा कुठे मी उठले आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

काका आयसीयूत आहेत. "त्रास कधी सुरू झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"सातव्या इनिंगला," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनीही मॅच पाहिली असावी. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि कागदावर वेळ लिहिली.

कोण जिंकलं, ते आम्ही अजून कोणाला विचारलेलं नाही.

तुमच्या घरी असा नियम आहे का? असेल तर तो मोडायला आधी कोण उठणार, हे आजच ठरवाल का?