पुढच्या आळीतली तात

दौंडच्या नबीलाल पिंजाऱ्याच्या कामाला कुणी नावं ठेवत नव्हतं. पण थोरला भाऊ मीरासाहेब सन पंचावन्नला वारला, तेव्हापासून नबीलालने कुणाच्याही ओसरीवर पिंजण टांगलं की घरचे सुस्कारा टाकायचे, "मीरासाहेबाचा हात न्यारा होता बघा." बिचाऱ्याने किती ऐकावं! शेवटी शेवटी त्याला भाऊच ऐकू यायला लागला.

इकडे त्याने पिंजणाची तात, ती ताणलेली दोरी, वाजवली की पुढच्या आळीत दुसरी तात वाजायची. सूर भरदार, चाल एकसारखी. तिला गाठायला नबीलाल जोर करायचा आणि पिंजाऱ्याने करू नये तेच करून बसायचा. कापूस उमलला तरी थांबायचा नाही. मग कापसाचा धागा तुटून भुगा. कुरकुंभ आणि भांडगावहून दोन गाद्या गोळे होऊन परत आल्या होत्या. तिसरी आली असती तर पिंजण कायमचं खुंटीला लागलं असतं.

वरवंडच्या भागुबाईने लेकीच्या बाळंतपणासाठी जुनी गादी उसवून दिली. ती मीरासाहेबाच्याच हातची. भर दुपारची वेळ, आळीत चिटपाखरू नव्हतं. नबीलालने पहिला ठोका दिला आणि पलीकडून लगेच जबाब आला. तो रेटू लागला, कापसाचा धुरळा उडायला लागला.

"कान कुठं हायेत तुझं?" भागुबाई म्हणाली. "तुझा भाऊ बी आसाच. मदीच हात थांबवून वेशीकडं बघत बसायचा. म्हणायचा, आक्का, पुढल्या आळीत कोनतरी पिंजतंय, माझ्यापरीस चांगलं."

नबीलालचा हात जागीच थांबला. तीन वर्षं ज्याच्यामागे धावून ऊर फुटला, तोही कुणाच्या तरी मागेच धावत होता! त्याला भावाची फार कीव आली, रडूही आलं. डोळे पुसून त्याने खाली बघितलं. चिमूटभर कापूस बोटांत ओढून पाहिला. अजून धागा शिल्लक होता.

हलके ठोके देत त्याने उरलेला कापूस मोकळा केला, उमलताच पिंजण बाजूला ठेवलं आणि बाळाच्या गादीत तळव्याने कापूस पसरू लागला.

भागुबाईचा चेहरा उतरला होता. "आरं, तू तर कवाच थांबलास. मग ह्यो आवाज कुठनं येतोय?"

"येत आसंल." नबीलालने मान वर केली नाही. "आक्का, जरा हितं हात लावून बघा. हितं बाळाचं डोकं यील. मऊ हाय न्हवं?"