रिफ्रेश मारू नको

माझं काम काय, हे मी ताईला दर वेळी नव्याने समजावून सांगायचो आणि दर वेळी ती एकच प्रश्न विचारायची. "म्हंजे तू नुसता पाहतं? अन् पाहाचा पगार भेटते?"

नुसता पाहायचोच मी. बुलडाण्यात एक खोली घेतली होती. तिथे दोन स्क्रीन मांडून बसायचं आणि पुण्याच्या एका लहानशा कंपनीने सांभाळायला घेतलेल्या वेबसाइट नीट चालल्या आहेत की नाही, यावर नजर ठेवायची. त्या ज्या मशीनवर चालायच्या ते मशीन मी जन्मात पाहिलं नाही. ते भाड्याचं होतं, आणि तेही अख्खं नाही, कुठल्या तरी मोठ्या मशीनमधला एक कप्पा. माझ्याकडे यायच्या त्या फक्त रेघा. मशीन किती थकलंय त्याची एक, आत्ता किती लोक जोडलेले आहेत त्याची एक, पेज उघडायला किती वेळ लागतोय त्याची एक. सगळ्यांच्या वर एक गोल दिवा. दर मिनिटाला एक लहान प्रोग्राम साइटच्या पहिल्या पानावर जाऊन यायचा. पान उघडलं की दिवा हिरवा, नाही उघडलं की लाल. हा दिवा मीच लावला होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणाच्या माथी मारायला नको.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. धाड गावाच्या पुढे एका खेड्यात दिलेली. दाजींची पाठ गेली तेव्हापासून पाच एकर वावर तीच एकटी करायची. त्या वर्षी तिने सगळी कपाशी लावली होती. बीटी लावली की बोंडाला अळी लागत नाही, हे आम्ही शाळेत होतो तेव्हापासून ऐकत आलो होतो आणि बरीच वर्षं ते खरंही होतं. दिवाळीत मी गेलो तेव्हा तिने मला झाडावरचं एक टपोरं हिरवं बोंड तोडून दिलं. "फोड," म्हणाली. फोडलं तर आत कापूस सडलेला आणि गुलाबी अळी वळवळत होती. तिने मग दुसरं दिलं, तिसरं दिलं.

बोंडअळीच्या नुकसानीची सरकारी मदत मिळणार असं ठरलं, आणि अर्ज ऑनलाइनच भरायचे असंही ठरलं. ताईचा हिशेब सरळ होता. "मदत आली त पुढच्या साली आपलं आपन पेरू. नाही आली त वावर बटाईनं द्या लागते." दुसऱ्याच्या हाती वावर द्यायचं आणि अर्ध्या वाट्यावर गप्प बसायचं, हे तिला मरणाहून नको होतं. लग्नानंतर तिने स्वतःचं म्हणावं असं ते वावर तेवढंच केलं होतं.

योगायोग असा, की अर्जाची ती साइट सांभाळायला आमच्याच कंपनीकडे आली. ताईला कोण आनंद झाला. गावातल्या ऑनलाइनवाल्याला, म्हणजे एक कॉम्प्युटर टाकून सगळ्यांचे अर्ज भरून देणाऱ्याला, ती सांगून आली, "माहा भाऊ सर्व्हरवर हाये." मी सर्व्हरवर नव्हतो, सर्व्हरसमोर होतो. पण कौतुक कुणाला नको असतं?

साइट पहिल्या दिवसापासून दहा वाजले की अडखळायला लागायची. ताईचा अर्ज दोनदा अर्ध्यावर अडकला आणि मुदतीचा एकच दिवस उरला, तेव्हा तिचा फोन आला. मी तिला समजेल असं सांगायला गेलो. आमच्याकडे जूनमध्ये चांगल्या बियाण्याच्या थैल्या आल्या की कृषी केंद्रासमोर पहाटेच चपलांची रांग लागते. माणसं कोपऱ्यावर चहा पीत बसतात, चपला नंबर धरतात, आणि कुणाची चप्पल कुणी हलवत नाही. मी म्हणालो, "तसंच समज. शेवटच्या दिवशी नऊ वाजताच पेज उघडायचं, अर्ज भरायचा, बटण दाबायचं आणि बसून राहायचं. पेज बंद करायचं नाही. रिफ्रेश मारू नको, नंबर जातो."

हे मी कशाच्या आधारावर सांगितलं? दोघाचौघांचं तसं बसून राहिल्यावर काम झालेलं दिसलं होतं, एवढंच. ऑनलाइनवाल्याने ते त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, सर्व्हरवाल्यानं स्वतः सांगितलंय. देऊळगाव राजापासून जळगाव जामोदपर्यंत, जिल्हाभरचे ऑनलाइन केंद्रवाले त्या ग्रुपवर होते.

शेवटचा दिवस आला. अर्ज पाच वाजेपर्यंतच घेणार होते. नऊ वाजता जोडलेल्या लोकांची रेघ चढायला लागली आणि साडेदहाला एकदम सपाट झाली. सपाट म्हणजे सगळं सुरळीत असं नव्हे, भांडं काठोकाठ भरलंय आणि आता थेंबही मावत नाही असं. आणि वरचा दिवा मात्र हिरवागार. पहिलं पान तयारच ठेवलेलं असल्यामुळे ते उघडत होतं. अडकत होता तो अर्ज, आणि अर्ज उघडून पाहायला मी प्रोग्रामला कधी शिकवलंच नव्हतं.

पुण्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "दिवा हिरवा आहे ना? मग लोकांचं नेट स्लो असेल."

मी नोंदी उघडल्या. सकाळी नऊला आलेलेच लोक अकराला तिथेच, साडेबाराला तिथेच. काही करत नव्हते, नुसते जागा धरून होते. जिल्हाभर चपला लागल्या होत्या. त्या मीच लावायला सांगितल्या होत्या. दुपारचा डबा तसाच राहिला.

मशीन मोठं करता येतं, दोन बटणांचं काम असतं. पण त्यासाठी ते थोडा वेळ थांबवावं लागतं, आणि थांबवायची परवानगी साहेबांनी द्यायची, साहेबांना वरच्यांनी द्यायची, आणि वरचे मीटिंगमध्ये. बंद करून पुन्हा चालू करायचं बटण माझ्या हाताशी होतं. ते दाबायचा हुकूम नव्हता. मी रेघेकडे पाहत बसलो. पाहायचाच तर पगार होता.

चारला दहा कमी असताना साहेबांचा फोन आला. "मशीन मोठं करता येणार नाही. रिस्टार्ट मार."

रिस्टार्ट मारला की बसलेले सगळे बाहेर फेकले जाणार होते. नंतर जो रिफ्रेश मारेल तो आत येणार, जो नुसता बसून राहील तो बसूनच राहणार. मी आधी ताईला फोन लावला. वाजला आणि कटला. पुन्हा लावला, पुन्हा कटला. ऑनलाइनवाल्याचा नंबर एंगेज. ग्रुपवर मी नव्हतो. साहेब म्हणाले, "कशाची वाट पाहतोयस?" मी बटण दाबलं.

रेघ शून्यावर आली आणि मग चढली. अर्ज भराभर जायला लागले. दिवसभर जे झालं नव्हतं ते त्या एका तासात झालं. मी ताईला एकूण अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा तो कटला. गाडी काढून जावं तर पोहोचेपर्यंत पाच वाजणार, आणि इथली खुर्ची सोडता येईना. खरं सांगायचं तर सोडता आली असती. सुचलंच नाही.

पाचला अर्ज बंद झाले. साहेबांचा मेसेज आला, शेवटचा तास एकदम मस्त गेला म्हणून.

सव्वापाचला ताईचा फोन आला. आवाजात थकवा होता, पण काळजी नव्हती. "काऊन रे, आमचं आजून गोलगोलच फिरून राह्यलं. बाकीच्याईनं दुसऱ्या केंद्रावर जाऊन रिफ्रेश मारले म्हने अन् गेले घरी. आमी नाही हात लावला. तू सांगतलं तसंच बसलो हाओत, नऊ वाजल्यापासून."

मी म्हणालो, "पाहतो."

पाहिलंही. साहेबांना मेल केला, विनवणी केली, वर विचारा म्हणालो. मुदत वाढली नाही. जूनमध्ये वावर बटाईने गेलं. निंदणीला, म्हणजे तण काढायला, ताई त्याच वावरात मजुरीने जायची, दुसऱ्याने बोलावलं की. गावात कुणी काही बोललं तर सांगायची, माझ्या भावाने खूप केलं, मशीनच तसं होतं. मी ते ऐकून घ्यायचो. स्वतःची एवढी किळस मला पुन्हा कधी आली नाही.

दोन वर्षांनी राखीला ती माझ्याकडे आली. जेवणानंतर मी सगळं सांगून टाकलं. चपलांचं, दिव्याचं, रिस्टार्टचं. ती सुपातल्या गवारीच्या शेंगा मोडत राहिली.

"मंग फोन करून सांगाचं होतं नं बाप्पा."

"केला होता. अकरा वेळा."

तिचा हात थांबला. "हाव. फोन त्या ऑनलाइनवाल्याच्या टेबलावरच होता, ओटीपीसाठी. तो म्हने, भावाचा फोन हाये. म्याच म्हनलं त्याले, काट. ओटीपी येईन त्याच्यावर. अन् भावाले कायले सांगा लागते, त्याले तठून दिसूनच राह्यलो आपन." मग माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "दिसत होतो ना आमी तुले?"

"हो," मी म्हणालो.