उलटी गुंडाळलेली टेप

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, बंदरावरच्या रेडिओ-मनोऱ्याच्या केबलींना कनेक्टर जोडायचे. तीस वर्षं. मी कामात त्यांच्या हाताखाली, वाऱ्याला आडोसा धरायला, आणि नात्याने मेहुणा, त्यामुळे बोलणी दुप्पट खायचो. "मेहुणे, ताडपत्री धरलीय की झेंडा फडकवताय?"

थंडीत वारा असा सुटायचा की सोल्डर, म्हणजे जोडाचं कथील, वितळायच्या आत गॅसवरची सोल्डर-गन गार. दाजी वाऱ्याला पाठ करून उकिडवे बसायचे, कनेक्टर आधी काखेत धरून उबवायचे. सोल्डर आत ओढलं गेलं की श्वास रोखून पाचपर्यंत मोजायचे. तेवढ्यात तार हलली की जोड वरून धड, आतून पोकळ. "वरून कीर्तन, आतून तमाशा," ते म्हणायचे.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी वाटलं, थंडी असेल. पण घरी, शेगडीपाशीसुद्धा कपबशी वाजायला लागली. त्याच सुमाराला साहेबांनी फतवा काढला, ज्याचा जोड निकामी निघेल त्याची रवानगी गोदामात. ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "गोदामात बसवलं तर हा माणूस हाय खाऊन मरेल रे. काहीतरी कर."

केलं. जेवणाच्या सुट्टीत दाजी आत गेले की मी त्यांचे जोड उघडायचो, पुन्हा सोल्डर करायचो, टेप गुंडाळून ठेवायचो. बोटं बधिर व्हायची. मनातल्या मनात त्यांच्यावर चिडायचो, मग चिडल्याची लाज वाटायची.

हिवाळाभर एकही जोड निकामी निघाला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर दाजींची पाठ थोपटली. दाजी लाजून हसले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते कौतुकाने आपलं काम बघत मनोऱ्याभोवती फिरले. एका जोडापाशी थांबले. टेपवरून बोट फिरवलं. मग पुढच्या जोडापाशी थांबले. मी डावखुरा, माझी टेप उलट्या बाजूने वळते. हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नव्हतं.

"कधीपासून?"

"दाजी, तसं काही नाही..."

"मेहुणे, मी काय विचारलं?"

"थंडी पडल्यापासून."

वारा ताडपत्री ओढत होता. मग त्यांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला अरे-तुरे केलं.

"सगळेच वाईट होते का रे?"

खोटं बोलायला हवं होतं. जीभ रेटेना. उघडण्याआधी मी एकही जोड तपासला नव्हता. दिसला दाजींचा जोड की उचकटला, एवढंच.

"तपासले नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी गनचा गॅस बंद केला आणि ती माझ्या हातात दिली. सोमवारी, कुणी न सांगता, ते गोदामात जाऊन बसले.