मोरीचा उंबरठा आणि भावोजींचं मशीन

अख्ख्या रायगड जिल्ह्यात आमच्या भावोजींइतकी हत्यारं कुणी हाताळली नसतील, आणि इतकी कमी कुणी विकत घेतली नसतील. राहायला रोह्याला, नोकरी धाटावला आणि सुट्टीच्या दिवशी मुक्काम पेणच्या हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार त्यांना लांबून बघूनच गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा पंखा बंद करायचा. परतताना रामवाडीला माझ्याकडे चहाला थांबायचे, ते हात हलवत. "काय घेतलंत?" विचारलं की म्हणायचे, "आज नुसतं बघितलं. घाई कशाला?"

निमित्त साधं होतं. ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, अर्धांगाचा झटका आला आणि ती वॉकर धरून चालू लागली. घरभर फिरायची, पण मोरीचा लाकडी उंबरठा चांगला चार बोटं उंच. वॉकर तिथं अडायचा. तो फरशीलगत कापायचा, एवढंच काम. सुतार बोलवा म्हटलं तर भावोजी खवळले, "पटाशी मारून फरशी तडकवेल तो. मी सोता बसवलेली हाय ती!" मग मशीनचा अभ्यास सुरू झाला. गरगर फिरणारं रोटरी की जागच्या जागी थरथरणारं ऑसिलेटिंग? फिरणारं घासायला-कोरायला बरं, जमिनीलगत कापायला थरथरणारंच हवं, इथवर यायला अख्खा पावसाळा गेला. मग वायरचं की बॅटरीचं? बॅटरीचं महाग, आणि वायरचं घ्यावं तर लाइटचा भरवसा नाय! एकदा एक स्वस्तातलं मशीन पसंत पडलं, तर त्याची पाती महाग निघाली. "म्हणजे जावई साधा अन् दिवाळसण जंगी," म्हणत परत आले. त्यात शनिवारी लोखंड घ्यायचं नाही, अमावास्येला काहीच घ्यायचं नाही, पितृपंधरवड्यात तर दुकानाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि कंपनीनं सुट्टी दिली होती नेमकी शनिवारची! "एक दिवस रजा टाका ना," मी म्हटलं. "रजा तुझ्या ताईच्या दवाखान्याला ठेवलीय," ते म्हणाले.

ते घरी असले की ताईला उचलून उंबरठा ओलांडून द्यायचे. सेकंड शिफ्टला गेले की ती वाट बघत बसायची. एकदा दुपारी गेलो तर तिच्या उशाशी तांब्या भरलेलाच. विचारलं तर म्हणाली, "पाणी कमीच पिते रे. हे येईस्तोवर जायला नको." माझं डोकंच फिरलं. भावोजींना तोंडावर म्हटलं, "अहो, मशीन बघताय की पोरीला स्थळ?" ते हसले नाहीत. "तिच्यासाठीच नीट बघतोय ना रे. खडबडीत कापलं अन् पायात कुसळ गेलं तर? तिची जखम भरत नाय." खरंच होतं ते, ताईला साखर होती. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

शेवटी एके दिवशी, भावोजी घरी नसताना, ताईच एकटी निघाली. वॉकर उंबरठ्याला अडला, ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला दवाखान्यात दाखल करून भावोजी तडक दुकानात गेले आणि समोर दिसलं ते मशीन घेऊन आले. वार शनिवार होता. उंबरठा असा कापला, की डोळे मिटून हात फिरवला तर कुठं लाकूड संपलं आणि कुठं फरशी लागली ते कळू नये. ताई घरी आली ती खाटेवरच. तिथून मोरीचं दार दिसायचं. "छान झालं वो," म्हणाली. तिकडं ती पुन्हा चालत गेली नाही. शिमग्याच्या आधी गेली बिचारी.

परवा सासूबाईंना धरायला न्हाणीघरात दांडी बसवायची होती. ड्रिल कुठलं घेऊ, म्हणून भावोजींना फोन लावला. तासभर ऐकायच्या तयारीनं खुर्ची ओढून बसलो होतो. ते म्हणाले, "दुकानात असंल ते घे रे. पण आजच जा." आणि फोन ठेवला. खरं सांगू? मला त्यांचं सगळं पाल्हाळ ऐकायचं होतं.