किल्ली कोणाकडे?

शाळा तपासायला गेल्यावर मोहोळकर बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत कधीच आधी शिरल्या नाहीत. गुलाबाचं फूल, नारळ, पोह्यांच्या बश्या सगळं तसंच ठेवून त्या थेट मुलींच्या स्वच्छतागृहाकडे चालू लागायच्या. "चहा परत गरम करता येतो," म्हणायच्या, "चला."

पुण्यातल्या सरकारी शाळांच्या सुधारणेचा आराखडा आमच्या कक्षाकडे आला, तेव्हा मी तक्ते भरणारा तरुण अभियंता होतो आणि बाई निवृत्तीला टेकलेल्या पर्यवेक्षिका. माझा पहिला मसुदा त्यांनी चष्म्यावरून पाहिला. "छान. लग्नपत्रिकाच जणू. शाळेत जाणारी मुलगी कुठंय यात?"

विश्रांतवाडीच्या एका शाळेत मी आधी कळवून जाऊन आलो होतो. फरशी लखलखीत, नळाला पाणी. तक्त्यात 'स्वच्छ, वापरात' लिहून मोकळा झालो होतो. बाई मला तिथे न कळवता घेऊन गेल्या. दाराला भलंमोठं कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. "मुली घाण करतात हो, म्हणून तपासणीपुरतं उघडतो," ते अगदी सरळ मनाने म्हणाले. माझ्यासाठीही तसंच उघडलं होतं.

व्हरांड्यात सातवीतली आरती उभी होती. तिचे आईवडील नांदेडहून कामासाठी आलेले.

"मग तू काय करतेस गं?" बाईंनी विचारलं.

"शाळा सुटंस्तोवर पाणीच पीत नाही, बाई."

परतताना रिक्षात बाई मला म्हणाल्या, "आपण लिहिलंत त्यातलं अर्धं खरं आहे. स्वच्छ आहेच. कोणी वापरतच नाही ना."

त्यांनी एवढंच मागितलं, की तक्त्यात 'किल्ली कोणाकडे?' असा एक रकाना वाढवा आणि शाळेच्या वेळात कुलूप दिसलं तर मुख्याध्यापकांना जाब विचारा. बैठकीत आमच्या कक्षाचे साहेब हसले. "बाई, आपण पुढच्या पिढीचं शिक्षण आखतोय. कुलपं कसली मोजताय?"

"पिढी सकाळपासून तहानलेली आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. त्याहून जास्त स्वतःचा येतो, कारण तो रकाना खोडला मीच. पानावर मावत नाही, असं कारण दिलं. मावला असता. डिजिटल फळ्यांचे चार रकाने मावलेच की.

दिवाळीनंतर आरती शाळेत आली नाही. बाई तिच्या घरी जाऊन आल्या. "रोज पोट दुखायचं तिचं, मंग बसवली घरी," आई म्हणाली. पुढच्याच महिन्यात बाईंचा निरोपसमारंभ झाला. अंगावरची शाल काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि एवढंच बोलल्या, "आरतीचं नाव पटावरून गेलं. आपल्या आराखड्यात ते कुठे दिसणार नाही." टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणालाच कळेना.

गेल्या महिन्यात त्याच शाळेत गेलो. आमच्या आराखड्यातून बांधलेलं नवं स्वच्छतागृह, गुळगुळीत टाइल्स, उद्घाटनाची संगमरवरी पाटी. आणि दाराला कुलूप. मुख्याध्यापक नवे होते, उत्तर जुनंच. माझं डोकं फिरलं. फाटकाबाहेर येऊन बाईंना फोन लावला आणि तावातावाने सगळं सांगितलं.

"मग? तोडलंत का?" त्यांनी विचारलं.

मी फोटो काढून आलो होतो.